स्पीअरगनची लाइन: मोनो की डायनिमा, आणि पाकिटावरच्या आकड्याचं काय करायचं

(एपिसोडचा लिखित मजकूर. मधले "अं" आणि "म्हणजे कसं" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागे आपण गन कशी निवडायची यावर बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते गनबद्दल नाहीच, तिच्यावर गुंडाळलेल्या दोरीबद्दल. "दादा, शूटिंग लाइन कोणती टाकू? मोनो की डायनिमा?" ब्रिस्बेनहून एकाने तर दुकानातून दोन पाकिटांचे फोटो पाठवले. एकावर ३०० पौंड, दुसऱ्यावर ५०० पौंड. खाली लिहिलं होतं, "किमतीत फार फरक नाही, मग ५०० वालीच घेतो ना?"

माझं उत्तर होतं, ३०० वाली घे. आजचा अख्खा एपिसोड त्या "का"साठी आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. स्पीअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली जायचं आणि रबराच्या ताकदीवर चालणाऱ्या गनने मासा मारायचा. सिलिंडर नाही. इथे न्यू साउथ वेल्समध्ये तर स्कूबा लावून भाल्याने मासा मारायला कायद्यानेच बंदी आहे. एका वेळी एक मासा, तोही दिसला, ओळखला, मापात बसतोय याची खात्री झाली, मग. मी जे बोलणार आहे ते सिडनीच्या आसपासच्या पाण्याबद्दल आहे. खडक, केल्पचं रान, पाच ते पंधरा मीटर खोली, आणि उन्हाळ्यात गरम प्रवाहाबरोबर येणारा किंगफिश. किंगफिश म्हटलं की आपल्या डोक्यात सुरमई येते, पण हा तो नव्हे. सुरमई बांगड्याच्या कुळातली, आणि इथला यलोटेल किंगफिश हलव्याच्या कुळातला. चव वेगळी, स्वभाव तर फारच वेगळा. त्याच्या स्वभावाकडे येतोच, कारण लाइनची निवड बरीचशी त्याच्यामुळेच ठरते.

आणि हो, दरवेळी कोणीतरी विचारतंच, "मालवणला जमेल का हे?" मालवणचं पाणी सागरी अभयारण्याचं आहे, १९८७ पासून. तिकडे गन घेऊन जायचा विचारसुद्धा करू नका. मास्क-स्नॉर्केल लावा, बघा, परत या.

तर शूटिंग लाइन म्हणजे नक्की काय. गनमधून सुटतो तो स्टीलचा भाला, त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक छोटं भोक असतं. त्यात लाइनचं एक टोक. ती लाइन शाफ्टच्या बाजूने पुढे गनच्या तोंडापर्यंत येते, तिथून वळून मागे हँडलजवळच्या एका छोट्या पट्टीवर जाते, आणि परत पुढे येऊन तोंडाजवळ बंजीला अडकते. बंजी म्हणजे एक छोटा जाड रबरी तुकडा. हँडलजवळची पट्टी म्हणजे लाइन रिलीज. ती ट्रिगरशी जोडलेली असते, ट्रिगर ओढला की ती सुटते आणि गुंडाळलेली लाइन मोकळी होते. शाफ्ट गेला, लाइन मागोमाग गेली, मासा लागला की आता तुमच्यात आणि माशात ही एकच दोरी आहे. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

आता पर्याय. पहिला मोनो, म्हणजे मोनोफिलामेंट नायलॉन. हे नाव अवघड वाटत असेल तर कोकणात कुणालाही "तंगूस" म्हणा, लगेच कळेल. तेच ते, फक्त जाड. मासा गळाला लावायची तंगूस केसासारखी असते, आपली दीड ते दोन मिलिमीटर. दुसरा डायनिमा. हा पॉलिइथिलीनचाच भाऊबंद आहे, पण रेणूंच्या प्रचंड लांब साखळ्या एका दिशेत ओढून केलेला धागा. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने तो विकसित केला. अमेरिकेत हनीवेलचा स्पेक्ट्रा नावाने जो मिळतो तो साधारण त्याच जातीचा. वजनाच्या हिशेबात स्टीलपेक्षा कितीतरी मजबूत, आणि पाण्यापेक्षा हलका, म्हणजे तरंगतो. तिसरा पर्याय स्टीलची केबल. ती शार्क किंवा फार धारदार दातांच्या माशांच्या भागात वापरतात. ती एकदा मुरडली की मुरड जात नाही, आणि पाण्याखाली साध्या सुरीने कापता येत नाही. आपल्यासाठी केबलचा विषय इथेच संपला.

पाकिटावरच्या आकड्याकडे येऊ. ३०० पौंड म्हणजे साधारण १३६ किलो. ५०० पौंड म्हणजे २२७ किलो. पहिली गोष्ट, १० किलोचा किंगफिश कितीही पिसाळला तरी सरळ ओढून १३६ किलोची लाइन तोडू शकत नाही. मग लाइन तुटते कशी? तीन प्रकारे. झटक्याने, घासून, आणि जोडाच्या ठिकाणी. पाकिटावरचा आकडा या तिन्हींपैकी एकाबद्दलही काही सांगत नाही. तो आकडा म्हणजे कोरड्या खोलीत, नव्या कोऱ्या लाइनला, गाठ न मारता, सावकाश ओढून काढलेला बेंचमार्क. प्रोडक्शनमध्ये काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

झटक्याचं गणित करू, मला असली गणितं आवडतात. ७ मिलिमीटर जाडीचा, १४० सेंटिमीटर लांबीचा स्टीलचा शाफ्ट साधारण ४२० ग्रॅमचा भरतो. समजा नेम चुकला आणि लाइन संपते तेव्हाही शाफ्टचा वेग सेकंदाला १० मीटर उरलाय. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर २१ ज्यूल. ही ऊर्जा लाइनला गिळायची आहे. ३ मीटर लाइन आहे, तिला ढोबळपणे स्प्रिंग समजा आणि बंजी क्षणभर बाजूला ठेवा. डायनिमा तुटायच्या आधी जेमतेम साडेतीन टक्के लांबतो. मोनो २५ टक्क्यांच्या आसपास लांबते. आकडेमोड केली तर मोनोवर सगळ्यात जास्त ताण येतो २८ किलोंचा, आणि ती पंधराएक सेंटिमीटर ताणून शाफ्टला थांबवते. डायनिमा चारएक सेंटिमीटरमध्येच थांबवतो, म्हणून त्याच्यावर ताण येतो ९७ किलोंचा. तोच शाफ्ट, तोच वेग.

इथपर्यंत डायनिमावाला म्हणेल, "येऊ दे की ९७, माझी २२७ ची आहे." बरोबर. पण डायनिमाला गाठ मारावी लागते, आणि डायनिमा गाठीत आपली ताकद घालवतो. धागा इतका गुळगुळीत की गाठ सरकते, आणि सरकली नाही तर वळणावर तंतू एकमेकांना दाबून तोडतात. निम्मी ताकद जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, गाठ वाईट असेल तर निम्म्याहून जास्त. म्हणजे २२७ ची झाली ११३. आणि झटका ९७ चा. आता त्यात एक ओरखडा धरा. याउलट मोनोला आपण क्रिंप लावतो, नीट लावला तर ती ताकद बऱ्यापैकी टिकवते. १३६ पैकी २८, म्हणजे आरामात. जास्त मजबूत लाइन तुटायच्या जास्त जवळ उभी आहे. ब्रिस्बेनवाल्या भावा, हे तुझं उत्तर.

अर्थात बंजी लावली की डायनिमावरचा झटकाही बराच कमी होतो. म्हणून डायनिमा वापरणार असाल तर बंजी हा ऑप्शनल भाग नाही. मोनोवर मात्र ती मला मुख्यतः लाइन ताठ ठेवायला हवी असते. ढिली लाइन केल्पमध्ये अडकते, आणि शाफ्ट सुटण्याआधीच तुमचा शॉट गेला.

आता घासणं. किंगफिशचा स्वभाव सांगतो म्हणालो होतो. लागला की तो उघड्या पाण्यात पळत नाही, खाली खडकात जातो. एखाद्या कपारीभोवती वळसा घालतो, केल्पच्या देठांत शिरतो, आणि खडकावर काय असतं? कालवं, बार्नकल, सी अर्चिन. प्रत्येक एक छोटी करवत. तिथे मोनो आणि डायनिमा दोघांवरही जखमा होतात, पण वेगळ्या. मोनो एकसंध काडी असते, कडक आणि गुळगुळीत. ती बरेचदा घसरून जाते, आणि जखम झाली तर पांढरट खाच पडते, ती डोळ्याला दिसते आणि नखाला लागते. डायनिमा म्हणजे शेकडो बारीक तंतूंची वेणी. कालवाच्या कडेवर एकेक तंतू तुटत जातो, लाइन फुगते, लोकरीसारखी होते. नुसती वरवरची फुगलीय की आतून अर्धी गेलीय, हे बघून सांगता येत नाही. माझ्या मते मोनोचा सगळ्यात मोठा गुण हाच. ती खराब झाली की सांगते.

वर आवरण असलेला डायनिमा मिळतो, आत डायनिमा आणि बाहेर पॉलिएस्टरची वेणी. तो जरा कडक असतो, घासणं बरंच सोसतो, गाठही बरी धरतो. कोणाला डायनिमाच हवा असेल तर हा घ्यावा. नागडा, बारीक डायनिमा खडकाळ पाण्यात शूटिंग लाइन म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे. बारीक दोरी ताणाखाली सुरीसारखी चालते. माशाच्या मऊ मांसात ती चरत जाते, भोक मोठं होतं, आणि मासा सुटतो. सुटलेला मासा पोटात एवढं मोठं भोक घेऊन पोहत जातो आणि बहुतेक मरतो. तो ना तुमच्या ताटात, ना समुद्रात. हेच बोटांचंही आहे, ताणलेली बारीक लाइन उघड्या हाताने कधीच धरू नका. हातमोजे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि जी कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते. गुंता.

चित्र डोळ्यासमोर आणा. तुम्ही १० मीटरवर आहात. खाली येऊन तीस-पस्तीस सेकंद झालीत. शॉट मारला, मासा लागला, आणि तो तुमच्या दिशेने वळून तुमच्या मागून गेला. तीन मीटर मोकळी लाइन आता पाण्यात आहे. तुमच्याकडे काय काय आहे? फिनचे बकल, वजनाचा पट्टा, सुरीची मूठ, स्नॉर्केल, घड्याळ. मऊ दोरी या प्रत्येक गोष्टीवर प्रेम करते. डायनिमा ढिला पडला की ओल्या सुतासारखा जिथे टेकेल तिथे बसतो, छोटे छोटे फास करतो. मोनोला स्वतःचा ताठपणा असतो. ती ढिली पडली तरी मोठ्या, उघड्या वेटोळ्यांत उभी राहते, आणि पाय हलवला की बहुतेक वेळा वेटोळं घसरून जातं. तिच्यात "मेमरी" असते म्हणून लोक मोनोला नावं ठेवतात, की ही रिळावरच्या वळणाची सवय सोडत नाही. मला तो काही फार मोठा दोष वाटत नाही. त्याच ताठपणाचे पैसे देतोय आपण.

दहा मीटरवर, श्वास रोखलेला, एक पाय अडकलेला आणि दुसऱ्या टोकाला ओढणारा मासा. इथे लाइन किती पौंडांची आहे याचा विचार उलटा करावा लागतो. आता तुम्हाला ती तुटायला हवी असते, आणि लगेच. म्हणून लाइन निवडताना सुरीसुद्धा सोबत निवडा. घरी एक प्रयोग करा. तुमच्या लाइनचा हातभर तुकडा घ्या, एक टोक खुर्चीला बांधा, आणि तुमच्या डायव्हच्या सुरीने कापून बघा. आधी ताणून. मग ढिला सोडून. मग नको त्या हाताने, म्हणजे तुम्ही उजवे असाल तर डाव्या हाताने, मोजे घालून. ताणलेली लाइन कशानेही कापली जाते. ढिला डायनिमा गुळगुळीत धारेवरून नुसता सरकतो, त्याला दातेरी धार लागते. जाड मोनोला सुरी दाबून जोर लावावा लागतो. जी लाइन तुम्ही तुमच्या सुरीने, डाव्या हाताने, तीन सेकंदांत कापू शकत नाही, ती पाण्यात न्यायची नाही. पौंड कितीही असोत. आणि प्रयोगाच्या वेळी दुसरा हात धारेच्या वाटेत ठेवू नका, प्लीज.

त्याला जोडून दोन गोष्टी, सगळ्यांना माहीत असतात तरी बोलतो. गन कधीही मनगटाला किंवा पट्ट्याला बांधायची नाही. शाफ्ट खडकात रुतला, मासा कपारीत घुसला, तर गन सोडून द्या, वर या, श्वास घ्या, मग बघू. गन परत मिळते किंवा मिळत नाही, दोन्ही चालतं. आणि एकटं जायचं नाही. एक जण खाली, एक जण वरून बघतोय, आलटून पालटून.

बरं, जाडी किती? तुमच्या गनवर आणि शाफ्टच्या भोकावर आहे. ९० ते ११० सेंटिमीटरच्या साध्या गनला १.६ ते १.८ मिलिमीटर मोनो मस्त बसते, ३०० पौंडांच्या आसपासची. ४०० पौंडांची साधारण २ मिलिमीटर होते, ती मोठ्या गनला आणि मोठ्या माशांना ठीक. पण कितीतरी शाफ्टच्या भोकातून ती जातच नाही, किंवा जाते पण इतकी घट्ट की शाफ्ट हलवला की भोकाच्या कडेवर रगडली जाते. दुकानात जाताना शाफ्ट सोबत घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. आणि त्या भोकाची कड बोटाने तपासा. नवीन शाफ्टलासुद्धा कधी कधी तिथे धारदार बर राहिलेली असते. गोल बारीक कानस किंवा पॉलिश पेपरची सुरळी फिरवली की पाच मिनिटांत काम होतं. लाइन शाफ्टपाशीच तुटली असं जे लोक सांगतात, त्यात मला पहिला संशय या कडेवर येतो.

रंगाबद्दल: माशाला दिसेल म्हणून पारदर्शक लाइन हवी, असं एक मत आहे. मला तुम्हाला ती दिसायला हवी आहे. यापुढे यावर मी बोलणार नाही, फार वाद होतात.

लांबी. १०० सेंटिमीटरची गन, एक फेरी सुमारे एक मीटर. शाफ्टपासून तोंडापर्यंत एक, तोंडापासून मागे रिलीजपर्यंत दोन, परत पुढे तीन. म्हणजे तीन मीटर लाइन. पूर्ण ताणल्यावर शाफ्टचं शेपूट तोंडापासून तीन मीटरवर, आणि शाफ्टची लांबी मिळवली तर टोक साधारण ४.४ मीटरवर. अशा गनने खात्रीचा शॉट तीन-साडेतीन मीटरपर्यंतच असतो. मग आणखी एक पूर्ण फेरी मारून ६.४ मीटर करून काय मिळणार? नेम चुकल्यावर आवरायला जास्त दोरी. खडकाळ, गढूळ पाण्यात कमी लाइन. उघड्या निळ्या पाण्यात, मोठी गन, दोन-तीन रबरं, तिथे जास्त फेऱ्या. आणि मोनो कापायच्या आधी रात्रभर बादलीत भिजत ठेवा. नायलॉन पाणी पितं, थोडं लांबतं आणि थोडं मऊ होतं. कोरडी मापून घट्ट बसवलेली लाइन पाण्यात गेली की ढिली पडते. भिजल्यावर नायलॉनची ताकदही थोडी कमी होते, तो आकडा कोरड्या लाइनचा होता हे आठवतंय ना.

आता क्रिंप. इथे जरा वेळ घालवतो, कारण मोनो हरते ती इथे. क्रिंप म्हणजे धातूची छोटी दुहेरी नळी. लाइन एका नळीतून आत, भोकातून वळसा, दुसऱ्या नळीतून बाहेर, मग पकडीने दाबायची. नळी लाइनच्या मापाची हवी, ढगळ नळी कितीही दाबली तरी धरत नाही. दुकानात तांब्याच्या मिळतात, ॲल्युमिनियमच्याही मिळतात. ॲल्युमिनियमची खाऱ्या पाण्यात स्टीलला चिकटून राहिली की लवकर गंजते, पांढरी पावडर धरते, म्हणून मी तांब्याची म्हणेन. पकड क्रिंपिंगचीच वापरा. घरातली साधी पक्कड नळी चपटी करते आणि तिची कड लाइनमध्ये घुसवते. तुम्ही स्वतःच लाइन कापून ठेवली. दाबताना मधला भाग दाबा, दोन्ही तोंडं किंचित उघडी राहू द्या, फुलासारखी. तिथे लाइनला हलायला जागा हवी. वळशाचं शेवटचं टोक नळीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून लायटरने हलकं वितळवा, गोळी होते, ती नळीतून मागे येत नाही. पण ज्योत मुख्य लाइनला लागता कामा नये. एकदा उष्णता लागली की ती जागा गेली.

मग टेस्ट. हे कोणीच करत नाही! वळसा एखाद्या गुळगुळीत, पक्क्या हुकाला अडकवा, दुसरं टोक लाकडाच्या जाड दांड्याला गुंडाळा, आणि अंगाचं वजन टाका. हळूहळू, झटका न देता. चेहरा लाइनच्या रेषेत नको, आणि गॉगल घाला, सुटलेला क्रिंप गोळीसारखा येतो. साठ-सत्तर किलो सावकाश सोसले आणि नळी कणभरही सरकली नाही तर जोड चांगला. सरकली तर कापा, परत करा. गॅरेजमध्ये सरकलेली बरी.

डायनिमाचा पोकळ वेणीचा प्रकार असेल तर गाठीऐवजी स्प्लाइस करता येतो. म्हणजे दोरीचं टोक त्याच दोरीच्या पोटात घालायचं. ताण आला की बाहेरची वेणी आवळते आणि आतलं टोक धरून ठेवते. यात ताकद जवळजवळ पूर्ण टिकते. आत घातलेला भाग व्यासाच्या सुमारे ७० पट हवा, म्हणजे २ मिलिमीटरला १४ सेंटिमीटर. शिकायला एक संध्याकाळ पुरते. गावाकडे दोर विणणारे, जाळी दुरुस्त करणारे कोळी लोक हा हिशेब हातानेच करतात, त्यांना ७० पट वगैरे सांगायला जाऊ नका.

मग डायनिमा कुठे वापरायचा? रीलवर. तिथे तीस-पन्नास मीटर बारीक, मजबूत, मऊ दोरी हवी असते, मोनो तिथे स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येईल. रबराच्या वायशबोनला तर डायनिमाच असतो. मोठ्या गनवर, उघड्या खोल पाण्यात, जिथे घासायला खडकच नाही, तिथे आवरणवाला डायनिमा शूटिंग लाइन म्हणूनही चांगला. त्यातही बरेच जण मधला मार्ग काढतात, शाफ्टला मोनो आणि मागे रीलवर डायनिमा. मीसुद्धा हेच करतो. मधे एक स्विव्हल टाका. भाल्यावरचा मासा गोल गोल फिरतो, आणि स्विव्हल नसेल तर तो पीळ थेट लाइनमध्ये भरतो.

परवा कोणीतरी विचारलं, "लाइन बारीक असली की शाफ्ट जास्त लांब जातो ना?" जातो, थोडा. बारीक लाइनला पाण्याचा विरोध कमी. पण तीन मीटरच्या शॉटमध्ये तो फरक तुमच्या हात थरथरण्यापेक्षा लहान आहे. शिवाय रेंज वाढवायला लाइन बारीक करण्यापेक्षा माशाच्या अर्धा मीटर जवळ जायला शिका. पाणी फुकट आहे.

राहता राहिला प्रश्न, बदलायची कधी. प्रत्येक डायव्हनंतर गोड्या पाण्याने धुताना लाइन नखावरून पूर्ण ओढा. खाच लागली की तिथे कापायची, आखूड झाली तर नवीन टाकायची. शाफ्टजवळचा हातभर भाग सगळ्यात आधी जातो. मोठा मासा खडकात गेला असेल, शाफ्ट रुतून जोर लावून काढला असेल, तर लाइन बघायचीसुद्धा गरज नाही, बदला. नायलॉन उन्हानेही कमकुवत होतं, त्यामुळे गन गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. इथल्या जानेवारीत गाडीच्या आत काय होतं ते माहितीय. मोनो एकदम मोठं रीळ घ्या, त्यावर मार्करने तारीख लिहा, आणि एका फेरीची लाइन बदलायला कॉफीच्या किमतीइतकेही पैसे जात नाहीत हे लक्षात ठेवा. ३०० पौंडांची, दोन महिने जुनी, नखाला गुळगुळीत लागणारी लाइन मला दोन वर्षं जुन्या ५०० वालीपेक्षा कधीही चालेल.

नियमांचं, दर वेळेसारखं. इथे स्पीअरफिशिंगला रिक्रिएशनल फिशिंगची फी भरावी लागते. किंगफिशचं किमान माप सध्या ६५ सेंटिमीटर. समुद्रकिनाऱ्यावर मधल्या वाळूच्या पट्ट्यात गन चालवता येत नाही, फक्त दोन्ही टोकांच्या शेवटच्या २० मीटरमध्ये. आणि तो मोठा निळा ग्रोपर, कुत्र्यासारखा मागे मागे येणारा, तो या राज्याचा अधिकृत मासा आहे, त्याला हात लावायचा नाही. मॅनलीच्या कॅबेज ट्री बेमध्ये तर काहीच मारता येत नाही, तिथे नुसतं पोहायला जा, मस्त जागा आहे. नियम बदलत राहतात, निघण्याआधी राज्याचं फिशस्मार्ट ॲप उघडा.

पुढच्या भागात रील आणि ड्रॅग. त्या आधी तुमच्या सुरीचा प्रयोग करून बघा, आणि डाव्या हाताने किती सेकंद लागले ते मेसेजमध्ये कळवा. मेलबर्न, पर्थ, ऑकलंड, कुठूनही. आकडे आले की पुढच्या वेळी वाचून दाखवतो. भेटू.